आमच्या घरचा नियम



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी मी एखादी पाककृती देत असते. यंदा अध्यक्षाबाईंनी सांगितले, पाककृती नको, पत्त्यांवर लिही. ह्याला कारण मागच्या कोजागिरीची रात्र. दूध आटत होते, गच्चीवर सतरंजी टाकली होती आणि मेंढीकोटाचा शेवटचा डाव रंगात आला होता. तेवढ्यात हुकूम कोणता धरायचा यावरून वाद निघाला. साताऱ्याकडच्या एक बाई म्हणाल्या, पहिल्यांदा जो रंग तुटेल आणि त्यावर जे पान पडेल त्याचाच हुकूम. सांगलीच्या बाई म्हणाल्या, छे, हुकूम आधी झाकून ठेवायचा असतो. दोघीही म्हणत होत्या की हाच खरा नियम. शेवटी पाने सतरंजीवर टाकून दोघी उठल्या. दूध प्यायला सुद्धा थांबल्या नाहीत. पुढे पंधरा दिवस भाजी मंडईत एकमेकींना पाहून रस्ता बदलत होत्या.

माझे माहेर साताऱ्याचे व सासर सांगलीचे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी मलाच साक्षीला ओढले. मी सातवी शिकलेली बाई, मी काय निवाडा देणार? परंतु मनात आले की, हा खेळ आला कुठून, त्याचे नियम केले कोणी, हे एकदा पाहावे. वाचनालयातून पुस्तके आणली, भाचीने काही माहिती काढून दिली, एकदा सावंतवाडीलाही जाऊन आले. जे समजले ते साध्या शब्दांत लिहिते. चूकभूल द्यावी घ्यावी.

पत्ते म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. बायकांनी पत्ते खेळणे हे तर फारच वाईट, असे आमच्या लहानपणी समजत. पण आपल्या सणांकडे पाहा. कोजागिरीच्या व्रतात रात्रभर जागून फासे खेळावे असे सांगितले आहे. बलिप्रतिपदेला द्यूत खेळण्याची चाल आहे, व शंकर-पार्वती सारीपाट खेळल्याच्या गोष्टी आपण देवळात ऐकतो. म्हणजे खेळ आपल्या देवांनाही वर्ज्य नव्हता. वाईट आहे ते पैसे लावणे. खेळ आणि जुगार ह्यांत फरक आहे, तो आपण विसरतो.

आता पत्त्यांविषयी. आपल्या देशात आज घरोघर असलेले बावन्न पानांचे पत्ते येण्याच्या आधी दुसरे पत्ते होते. त्यांना गंजिफा म्हणत. ही पाने गोल असतात. बादशहा बाबराने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांत १५२७ साली त्याने सिंधमधल्या शाह हसन ह्याला गंजिफाची पाने पाठवल्याची नोंद आहे, कारण त्याला ह्या खेळाचा फार नाद होता. पुढे अकबराच्या दरबारातील अबुल फजल ह्याने आईन-ए-अकबरी ह्या ग्रंथात ह्या खेळाचे वर्णन केले. त्याने सांगितलेल्या जुन्या खेळात बारा रंग व प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे एकूण १४४ पाने होती. अश्वपती, गजपती, नरपती, गडपती अशी त्या रंगांची नावे. त्यांत एक रंग बायकांचा होता. त्याच्या राजाच्या पानावर सिंहासनावर बसलेली राणी, वजिराच्या पानावरही बाईच, आणि बाकीच्या दहा पानांवर एकापासून दहापर्यंत बायका. हे वाचून मला मोठी गंमत वाटली. आम्हाला पत्ते खेळू नका म्हणणारांना हे कोणी सांगितले नसावे.

आणखी एक गोष्ट त्यात आहे, ती पुढच्या वादासाठी लक्षात ठेवा. अकबराला तो खेळ जसाच्या तसा मान्य नव्हता. त्याने त्यातील पानांत आपल्या मनाप्रमाणे फेरफार केले. म्हणजे घरचा नियम करणारा पहिला मोठा गृहस्थ दिल्ली-आग्र्याचा बादशहाच म्हणायचा.

मोगल गंजिफा पुढे आठ रंगांची व ९६ पानांची रूढ झाली. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व कुमाच हे ते आठ रंग. दर रंगात राजा, वजीर आणि दहा साधी पाने. आपल्याकडे मात्र दशावतारी गंजिफा निघाली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२०. त्या पानांशी माझा लहानपणापासूनचा संबंध आहे, म्हणून त्यांची हकीकत जरा सविस्तर सांगते.

माझी आजी, म्हणजे आईची आई, कुडाळकडची. लग्न होऊन साताऱ्याला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली एक लाकडी डबा होता. डब्यावर सरकते झाकण, झाकणावर वेलबुट्टी. आत गोल गोल पाने, पाठीमागून लाल. मत्स्याच्या रंगाला मासा, कूर्माला कासव, वराहाला शंख, नृसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, कृष्णाला गाय, बुद्धाला कमळ व कल्कीला तलवार. राजाच्या पानावर तो अवतार बसलेला, प्रधानाच्या पानावर घोडेस्वार. आजीला लिहिता वाचता येत नव्हते. पण दहा अवतारांची नावे व एकापासून दहापर्यंतचे आकडे मी ह्या पानांवर शिकले, शाळेत जाण्यापूर्वी.

खेळायला तिघी लागत. प्रत्येकीच्या वाट्याला चाळीस पाने येत. ती हातात धरता येत नसत, म्हणून आजी पदर पसरून त्यावर मांडायची. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करणार, दिवे लागल्यानंतर मांडला तर कृष्णाचा राजा. रामाचा जन्म भर दुपारचा आणि कृष्णाचा मध्यरात्रीचा, म्हणून असे, हे आजीचे स्पष्टीकरण. ज्याच्याकडे तो राजा असेल त्याने राजाबरोबर एक हलके पान टाकायचे, आणि इतरांनी आपली दोन-दोन पाने त्यावर द्यायची. ह्या खेळात हुकमाचा रंग नाही, आणि उतरलेल्या रंगाचेच पान टाकले पाहिजे अशी सक्तीही नाही. सगळा भर आठवणीवर. कोणते मोठे पान पडून गेले आणि कोणते अजून बाकी आहे हे ज्याला आठवेल तो जिंकेल.

त्यात एक मोठी खोच आहे. पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी व एक्का सर्वांत लहान. परशुरामापासून पुढच्या पाच अवतारांत उलटे, तिथे राजा-प्रधानानंतर एक्का मोठा व दश्शी सर्वांत लहान. मोगल गंजिफातही निम्मे रंग सुलटे व निम्मे उलटे असतात. नवीन खेळणारी इथे हमखास चुकायची. आजी म्हणायची, घरातही असेच असते गं, एका खोलीत थोरला मोठा, दुसऱ्या खोलीत धाकटा मोठा, कोणत्या खोलीत आहोत ते ओळखून वागावे.

आजीच्या डब्यात सगळी पाने नव्हती. वामनाची सत्ती, कल्कीची दुर्री व परशुरामाचा प्रधान ही तीन पाने केव्हा तरी हरवली होती. अशी पाने सुटी विकत मिळत नाहीत. मग आजीने लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तीन गोल कापले, त्यावर कुंकवाने व काजळाने चित्रे काढली. कमंडलू तिच्या हातून तांब्यासारखा झाला होता. परंतु एक अडचण आली. नव्या पानांची पाठ लाल नव्हती, त्यामुळे ती कोणाकडे आहेत ते सगळ्यांना आधीच दिसे. त्यावर आजीने नियम केला की, ही तीन पाने ज्यांच्याकडे जातील त्यांनी ती खेळ सुरू होण्यापूर्वी उताणी करून दाखवावी. चोरून बघण्याचे पाप नको आणि बघितले म्हणून भांडण नको. हा नियम कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. तो आमच्या घरचा.

अपुरे डबे ही गंजिफाची जुनीच रड आहे. एक पान गेले की डाव मोडला. ह्या उलट जास्तीचे रंग वाढवण्याची हौसही पूर्वीपासून होती. नवग्रहांची गंजिफा असते, तिची नऊ गुणिले बारा म्हणजे १०८ पाने. बारा राशींची १४४ पाने. ओडिशात ह्या खेळाला गंजपा म्हणतात. तिथे दशावतारांत गणपती व कार्तिकेय हे दोन रंग घालून बारा रंग करतात. म्हैसूरचे राजे तिसरे कृष्णराज वडियार ह्यांची हौस तर सर्वांवर कडी करणारी. त्यांनी एकोणिसाव्या शतकात नवेनवे खेळ रचले, त्यांतल्या काहींची पाने तीनशेच्या वर जातात. त्यांचे वर्णन श्रीतत्त्वनिधी ह्या ग्रंथाच्या कौतुकनिधी ह्या भागात आहे. पण तीनशे पाने कोण हाताने रंगवणार आणि कोण ती लक्षात ठेवून खेळणार? अशा वाढीव रंगांचे डबे त्या काळीही राजेरजवाड्यांकडेच असत. आज ते पाहायचे तर बहुधा संग्रहालयातच. आपल्या गणपतीच्या सांगलीत गणपतीचा रंग असलेला एक तरी डबा असावा अशी माझी फार इच्छा आहे. अजून मला मिळालेला नाही.

सावंतवाडीला मी गेले ती ह्याच ओढीने. तिथे चितारी कारागीर लाखेच्या रंगकामासाठी प्रसिद्ध. गंजिफाही तेच रंगवत. चिंचोक्याची खळ लावून कागदाचे थर एकावर एक चिकटवायचे, गोल कापायचे, घोटून गुळगुळीत करायचे, बारीक कुंचल्याने चित्र काढायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा. एक डबा पुरा व्हायला फार दिवस लागतात. १२० पाने म्हणजे १२० चित्रे. ह्या कष्टापुढे छापील पत्ते आले. लंडनमध्ये टॉमस द ला रू ह्याने १८३२ च्या सुमारास पत्ते रंगीत छापण्याची नवी पद्धत काढली. पुढे विलायतेहून व बेल्जमहून छापील पत्त्यांचे ढीग येऊ लागले. चार आण्यांत जोड मिळत असेल तर महिनाभर रंगवलेला डबा कोण घेणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीतले हे काम जवळजवळ बंद पडले होते. राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी ह्यांनी जुन्या कारागिरांना गाठून ही कला पुन्हा उभी केली, व १९७१ मध्ये राजवाड्यातच सावंतवाडी लॅकरवेअर्स ही संस्था सुरू झाली. राणीसाहेब स्वतः गंजिफा रंगवायला शिकल्या. राजवाड्याच्या दालनात बसून मुली कुंचल्याने अवतार रंगवताना मी पाहिल्या. आजीची आठवण होऊन डोळे भरून आले.

आता बावन्न पानांकडे येते. ते परदेशातून आले ते नावे सांगतात. डच भाषेत क्लावर म्हणजे तीन पानांचे गवत, आणि आपण त्याच चिन्हाला किलवर म्हणतो. जोकर तर अगदी अलीकडचा. अमेरिकेत १८६० च्या दशकात युकर नावाच्या खेळासाठी ते एक पान वाढवले गेले. म्हणजे आपल्या बावन्नांतही मागाहून घातलेले वाढीव पान आहे. पाने परदेशी असली तरी खेळ मात्र आपण आपलेच केले. बदाम सात, गुलामचोर, झब्बू, पाच-तीन-दोन, लाडीस, मेंढीकोट. गंजिफात तिघी एकमेकींविरुद्ध असतात. मेंढीकोटात चौघी, समोरासमोरच्या दोघी भिडू. एकटीने जिंकता येत नाही. हीच त्याची गोडी.

नव्या मुलींसाठी नियम थोडक्यात देते. प्रत्येकीला तेरा पाने. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीने तीन मेंढ्या ओढल्या ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त ती जोडी. चारही ओढल्या तर कोट, आणि तेराच्या तेरा हात केले तर बावन्न पानी कोट. सहाजणी असल्या तर चार दुर्र्या काढून ४८ पाने करायची, दरएकीला आठ. माणसे आणखी वाढली तर दोन जोड एकत्र पिसायचे, मग मेंढ्या आठ होतात. हीदेखील गंजिफात रंग वाढवण्यासारखीच युक्ती, घरात माणसे जास्त झाली म्हणून केलेली.

दुसरा जोडीचा खेळ तीनशे चार. गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. आमच्या माहेरी काका-मामा हा खेळत. गुलाम व नव्वी राजापेक्षा मोठी, हे ऐकून नवख्याला हसू येते. पण हॉलंडमधल्या क्लावरयास नावाच्या खेळातही हुकमाच्या रंगात गुलाम व नव्वीच सर्वांत मोठी. किलवर शब्द आणि हा क्रम, दोन्हीकडे तेच पाहून मला नवल वाटले.

आता मूळ वादाचे. आमच्या माहेरी हुकूम तुटीवर ठरे, म्हणजे उतरलेल्या रंगाचे पान ज्याच्याकडे नाही त्याने टाकलेल्या पहिल्या पानाचा रंग तो हुकूम. सासरी आले तर हुकूम झाकून ठेवत, आणि कोणी मागितल्यावर उघडत. दोन्ही पद्धती महाराष्ट्रात ठिकठिकाणी चालतात. सातारा किंवा सांगली असा त्यात भेद नाही, घराघराचा भेद आहे. तुटीवर हुकूम ठरला तर नशीब जास्त, झाकला तर डोके जास्त. आजीकडे लहान मुले खेळायला असत म्हणून तिने पहिली पद्धत ठेवली असावी.

आजीचे आणखी दोन नियम सांगते. पहिला दुधाचा नियम. डाव चालू असताना जिला चुलीकडे जावे लागेल तिची पाने कोणी हात लावायची नाहीत, तिच्यासाठी थांबायचे. पुरुषांच्या खेळात हा नियम नसतो, कारण त्यांना उठावे लागत नाही. दुसरा नियम असा की, सासू व सून समोरासमोर, म्हणजे भिडू म्हणून बसल्या पाहिजेत, विरुद्ध नाही. आजी म्हणे, विरुद्ध तर त्या असतातच. तिच्या सुनेने म्हणजे माझ्या मामीने मला सांगितले की, सासूबाईंच्या मनात काय आहे ते मला स्वयंपाकघरात कधी कळले नाही, पानांवरून कळू लागले. भिडूने बोलायचे नाही, खूण करायची नाही. नुसते पान टाकायचे आणि समोरच्याने ओळखायचे.

ह्या नियमाचे मोल मला फार उशिरा कळले. १९९८ मध्ये माझे लग्न झाले तेव्हा आजीने तो गंजिफाचा डबा मला दिला. सासूबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, आमच्या घरात पत्ते चालत नाहीत. डबा माळ्यावर सुद्धा नाही, खालच्या कपाटात अगदी मागे गेला. मी काही बोलले नाही, पण मनात अढी बसली. आजी २००३ साली गेली. तिला मी कधी कळू दिले नाही की, तो डबा सांगलीत एकदाही उघडला नाही. आमची दोघींची वीस वर्षे अशीच गेली. भांडण नाही आणि बोलणेही नाही. मीठ किती, डाळ किती, एवढेच.

२००५ च्या पुरात आमच्या घरापर्यंत पाणी आले नव्हते. त्यामुळे २०१९ च्या ऑगस्टमध्ये येईल असे वाटले नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो आणि एका शाळेच्या वर्गात जाऊन राहिलो. सत्तर-ऐंशी माणसे, दिवे नाहीत, बाहेर पाऊस. पोरे रडत होती. कोणाकडे तरी पत्त्यांचा एक जोड निघाला, भिजून फुगलेला, त्यात ४९ पाने. तीन पाने आम्ही बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्याची केली. मी पटकन सांगून टाकले, ही तीन ज्यांच्याकडे जातील त्यांनी दाखवायची. आजीचा नियम तोंडातून आपोआप आला. चौथी बाई मिळेना. तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई सरकत आल्या आणि माझ्या समोर बसून म्हणाल्या, "वाट पानं. मला येतं."

त्यांना येत होते. चांगले येत होते. लहानपणी माहेरी त्या रोज खेळत. लग्न झाल्यावर त्यांच्या सासूबाईंनी बंद केले, आणि जे आपल्याला बंद केले ते सुनेला कसे मोकळे करायचे, हे त्यांना कधी कळले नाही. हे त्यांनी मला त्या वर्गात सांगितले, मेणबत्तीच्या उजेडात, पाने पिसता पिसता. पाच रात्री आम्ही भिडू होतो. मी इस्पिक टाकले की त्या ओळखत.

घरी परत आलो तेव्हा कपाट चिखलाने भरले होते. लाकडी डबा फुगून उकलला होता व आतल्या पानांचा गोळा झाला होता. मी तो फेकायला निघाले. सासूबाईंनी माझ्या हातून घेतला, कोमट पाण्यात ठेवला आणि नखाने एकेक पान सोडवले. सुपात घालून सावलीत वाळवले. १२० पैकी ७१ पाने हाती लागली. त्यांत बारा पानांचे पुरे रंग दोनच, कूर्म आणि राम. आजीने कुंकवाने काढलेली तिन्ही पाने विरघळून गेली होती. "हे मी माळ्यावर ठेवायला हवं होतं," एवढेच त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शिकव मला."

मी शिकवू लागले. रामाचा राजा, दोन-दोन पाने, सुलटे रंग, उलटे रंग, सगळे सांगितले. आणि शेवटाला आले तेव्हा अडकले. शेवटची पाने उरल्यावर आजी काही तरी करायची. पाने पालथी घालून एक विचारायची, आणि त्यावर हार-जीत ठरायची. तो नियम मला आठवेना. मामीला विचारले, आईला विचारले. प्रत्येकीने निराळेच सांगितले. ज्यांना नक्की ठाऊक होते ती आजी गेलेली. वीस वर्षांत केव्हाही फोनवर विचारता आले असते, निदान ती होती तोवर. मी विचारले नाही. पुस्तकांतून शेवटच्या पानाचे नियम मी पुढे वाचले, पण ते आमच्या घरचे नव्हेत. सासूबाई २०२२ मध्ये गेल्या. शेवटपर्यंत आम्ही दोघी तो डाव कूर्म व राम अशा दोनच रंगांत खेळत असू, आणि शेवट आमच्या मनाने करत असू.

मागच्या मे महिन्यात भाची पुण्याहून आली. तिने हनाबी नावाचा पत्त्यांचा खेळ आणला. एका फ्रेंच माणसाने तो २०१० मध्ये रचला व २०१३ मध्ये जर्मनीत त्याला वर्षातील उत्तम खेळाचा मान मिळाला. त्यात विरुद्ध कोणीच नाही, सगळे एका बाजूचे. आपली पाने आपल्याला दिसत नाहीत, समोरच्यांना दिसतात. त्यांनी मोजक्या खुणेने सांगायचे आणि आपण ओळखून पान लावायचे. पाच रंग झाले की वर आणखी एक, सहावा बहुरंगी रंग घालून खेळ अवघड करता येतो. मी भाचीला म्हटले, अगं, रंग वाढवण्याची ही कल्पना अकबराच्या आधीची, आणि भिडूच्या मनातले ओळखायचे हे तर तुझ्या पणजीचे. ती म्हणाली, मग तिचे नियम लिहून ठेवले आहेत का?

म्हणून हा लेख. अध्यक्षाबाईंनी विचारलेल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, कोजागिरीच्या रात्री दोघीही बरोबर होत्या. चूक एवढीच झाली की, पाने वाटण्यापूर्वी नियम ठरवला नाही. बादशहाने बदलला, राजाने वाढवला, आजीने तीन पानांसाठी नवा केला. नियम घराचा असतो, आणि ज्या घरात बसायचे त्या घराचा पाळावा.

माझी मंडळाला एक विनंती आहे. एक शंभर पानी वही घालावी. प्रत्येक भगिनीने आपल्या माहेरचा एक व सासरचा एक असे दोन नियम त्यात लिहावेत, कोणत्याही खेळाचे. जिला लिहिता येत नाही तिचे दुसरीने लिहून घ्यावे. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढच्या सासूबाई किंवा आजी आहेत त्यांनी आधी लिहावे. माझ्या वतीने पहिल्या पानावर दुधाचा नियम लिहावा.

आणि एक. कोणाच्या माळ्यावर गोल पाने असतील, चार का असेनात, ती येत्या कोजागिरीला घेऊन यावीत. माझी ७१ मी आणणार आहे. त्या दोन्ही भगिनींनाही माझे आग्रहाचे बोलावणे आहे. त्यांनी समोरासमोर बसावे.